क्लबहाऊस नसलेली गेटेड सोसायटी: भाडेकरूच्या नजरेतून

मोठ्या शहरात गेटेड सोसायटीत भाड्याने राहायचं आणि महिनाअखेरीला हातात चार पैसेही उरवायचे, हे जमू शकतं. आमचं जमलंय. मी आणि आई राहतो त्या सोसायटीत पोहण्याचा तलाव नाही, क्लबहाऊस नाही, जॉगिंग ट्रॅक नाही, प्रवेशद्वाराशी कारंजं नाही. इमारती जुन्या आहेत, रंग फिका पडलाय. पण फाटकावर चोवीस तास जागा माणूस आहे, प्रत्येक इमारतीला दोन लिफ्ट आहेत आणि दोन्ही चालतात, पाणी दिवसभर येतं, इंटरकॉम उचलला की पलीकडून कुणीतरी बोलतं. ज्यांना एवढंच हवंय आणि बाकीच्या गोष्टींचे पैसे भरायचे नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सोसायटीचं नाव देत नाही, कारण अशा सोसायट्या प्रत्येक मोठ्या शहरात असतात. त्या ओळखायच्या कशा, ते मला सांगायचंय.

माझं मत कुठून आलंय ते कळावं म्हणून आमची गरज आधी सांगते. मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, काम पाळ्यांमध्ये. दुपारपाळी असली की घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते, रात्रपाळी असली की झोप दिवसा. आईचे गुडघे गेलेत, ती काठी घेऊन चालते आणि मी कामावर असताना घरात एकटी असते. आधीची आमची इमारत सुटी होती. खालचा दरवाजा कायम उघडा, जिन्यातला दिवा महिनोन्महिने बंद, आणि कुणीही थेट वर येऊन बेल वाजवायचं. मला फाटक हवं होतं ते आईसाठी आणि माझ्या रात्रीच्या येण्यासाठी.

बजेटचं बोलायचं तर भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसवावं, असं सगळेच सांगतात. हा आकडा अमेरिकेच्या सरकारी घरांच्या नियमांतून पसरला. तिथे १९६९ मध्ये सार्वजनिक घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही असं ठरलं आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्क्यांवर नेली. सरकारने किती भाडं घ्यावं याची ती मर्यादा होती. आई-मुलीच्या घरात औषधांचा खर्च किती आणि प्रवासाचा किती, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून मी ३० टक्के हे छत, म्हणजे खर्चाची वरची मर्यादा, धरलं आणि त्याखाली सगळंच कोंबलं: भाडं, मेंटेनन्स, पार्किंग असेल तर त्याचे पैसे, सामान आत आणण्याचं सोसायटीचं शुल्क, शिवाय दलाली बारा महिन्यांत वाटून. जाहिरातीत फक्त भाडं लिहिलेलं असतं. गेटेड सोसायटीत खरा फरक पडतो तो मेंटेनन्समुळे. तो भाड्यात धरलाय की वेगळा, हा प्रश्न घर बघायला जायच्या आधी फोनवरच विचारायचा. 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं की तो वेगळाच असतो.

मेंटेनन्स इतका का होतो याचं साधं गणित आहे, आणि ते मांडल्यावर माझा शोध एकदम सोपा झाला. एका फाटकावर आठवडाभर चोवीस तास माणूस ठेवायचा म्हणजे १६८ तास. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच कराराने कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तेवढेच तास इथेही धरले तर एका खुर्चीसाठी साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपण धरलं की चार. आता ४० घरांच्या सोसायटीला दोन फाटकं असतील तर आठ माणसांचा पगार ४० घरांवर पडतो, म्हणजे दर पाच घरांनी मिळून एक माणूस पोसायचा. तीच दोन फाटकं ४०० घरांना असतील तर पन्नास घरांमागे एक माणूस. लिफ्टची देखभाल, जनरेटर, बाग यांचा हिशोबही बराचसा याच वाटेने जातो.

मोजक्या घरांच्या देखण्या सोसायट्यांवर मी त्यानंतर वेळ घालवलाच नाही. तिथे एक तर मेंटेनन्स डोईजड असतो, नाहीतर पैसे वाचवायला फाटकावर एकच माणूस बारा बारा तास उभा करतात. हे कळायला एक प्रश्न पुरतो. फाटकाशी थांबून नम्रपणे विचारायचं, 'दादा, तुमची ड्युटी किती तासांची असते?' बारा तास म्हणाले आणि बदली माणूस नाही म्हणाले, तर पहाटे तीन वाजता ते डुलक्या घेणार, हे उघड आहे. त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना तसं राबवणाऱ्या सोसायटीला मी माझं भाडं देणार नाही. आमच्याकडे सुमारे तीनशे घरं, गाड्यांचं एक फाटक, माणसांसाठी बाजूला एक छोटं फाटक, आणि पाळी आठ तासांची. पाळी बदलताना दोघं वही समोर ठेवून बोलतात. एवढ्या एका गोष्टीवरून माझा या सोसायटीवर विश्वास बसला.

अशा छोट्या फाटकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तशाच एका फाटकापायी दुसऱ्या सोसायटीतलं एक बरं घर मी सोडलं. ती सोसायटी नवी होती, भाडं ताणून का होईना परवडत होतं, घर हवेशीर होतं. बसचा थांबा मागच्या छोट्या फाटकासमोर, नकाशावर दोन मिनिटांवर. एजंटने दुपारी घर दाखवलं तेव्हा आम्ही त्याच फाटकातून आत गेलो. मी एकदा दुपारपाळी संपवून रात्री मुद्दाम तिकडे गेले, तर फाटकाला कुलूप. रात्री दहानंतर फक्त मुख्य फाटक चालू, आणि ते सोसायटीच्या पार दुसऱ्या टोकाला. मग मी कुंपणाच्या भिंतीकडेने चालत गेले. भिंत माझ्यापेक्षा उंच, तिच्यावर काटेरी तार. त्या बाजूला ना एक दुकान, ना खिडकी, ना कुणाचा दरवाजा, दिवे लांब लांब अंतरावर. समोरच्या बाजूला दुसऱ्या सोसायटीची तशीच भिंत. आतल्या लोकांनी आपापली सुरक्षितता भिंतीत कोंडून घेतली आणि मधला रस्ता उघडा टाकला. रोज मध्यरात्री तेवढं चालायचं असेल तर आतल्या कॅमेऱ्यांचा मला काय उपयोग? घर कितीही आवडलं तरी, आपण ज्या वेळेला घरी येणार त्या वेळेला तिथे एकदा जाऊन यावं. बसने येणार असाल तर बसनेच. माझ्या मते घर बघण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. आमच्याकडचं छोटं फाटक रात्रीही उघडं असतं, तिथला माणूस आतून कडी काढतो, आणि बाहेर रात्री उशिरापर्यंत चालणारं औषधांचं दुकान आहे. त्या दुकानाचा उजेड थेट फाटकापर्यंत येतो.

शोधायचं कुठे? संकेतस्थळांवर मीही बघितलं. तिथे सुखसोयींच्या चौकटी असतात: तलाव, जिम, क्लबहाऊस. लोक त्या सगळ्यांवर टिक करतात आणि मग भाडं बघून निराश होतात. मी फक्त 'सिक्युरिटी' आणि 'लिफ्ट' ठेवलं, 'इमारतीचं वय' या चौकटीत जुन्या इमारती निवडल्या, आणि यादी एकदम बदलली. त्या यादीतही खोट्या जाहिराती निघाल्याच. एकच स्वयंपाकघर, ओट्यावरच्या त्याच टवक्यासकट, दोन वेगळ्या पत्त्यांखाली दिसलं. त्यातल्या एकाने घर दाखवण्याआधीच टोकन मागितलं, 'खूप लोक मागे लागलेत' म्हणाला. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकाच्या नावाचं मेंटेनन्सचं बिल किंवा कराची पावती डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही एक पैसा देऊ नका. खऱ्या मालकाला ही मागणी कधीच खटकत नाही.

आमचं घर मात्र संकेतस्थळावर नव्हतंच. मोठ्या सोसायटीत कुणीही घर सोडताना सामान बाहेर न्यायला गेट पास लागतो, आणि तो सोसायटीच्या ऑफिसातून आगाऊ घ्यावा लागतो. त्यामुळे कुठलं घर रिकामं होणार हे सगळ्यात आधी ऑफिसातल्या माणसाला कळतं. एजंटला त्यानंतर, आणि संकेतस्थळाला सगळ्यात शेवटी. मी आवडलेल्या सोसायट्यांच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारायला लागले: आई आणि मी, दोघीच, पाळ्यांची नोकरी, कुणी घर सोडतंय का? काही ठिकाणी हात हलवून परत पाठवलं. इथे मॅनेजरने नोटीस बोर्डाकडे बोट दाखवलं. निळ्या शाईत, शाळेतल्या बाईंसारख्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी होती: 'दुसरा मजला, मागची बाजू, शांत कुटुंबास देणे आहे. मध्यस्थ नकोत.' घरमालकीणबाई खरोखरच निवृत्त शिक्षिका निघाल्या.

एजंटची सेवाही मी घेतली होती, आणि तिच्याबद्दल माझं मत वाईट नाही. त्याच भागात वर्षानुवर्षं काम करणारा एजंट असेल तर तो दलालीच्या बदल्यात खरी माहिती देतो. कुठल्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, कुठली कमिटी भांडखोर आहे, कुठल्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद पडते, हे त्याला तोंडपाठ असतं. शहरभर सगळीकडे घरं दाखवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या तरुण मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बिचारा माझ्यासोबतच ते घर पहिल्यांदा बघत होता, आणि चावी कुठल्या मजल्याची हेही त्याला फोन करून विचारावं लागलं.

एकाच सोसायटीत एकसारख्या दोन घरांच्या भाड्यात बराच फरक असतो, आणि परवडणारं घर त्या फरकातच सापडतं. मात्र ते स्वस्त का आहे, हे समजून घ्यायला हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर दोन कारणांनी स्वस्त मिळतं. एक, गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री घरात उतरते. दुसरं, पाणी. टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की पाण्याचा दाब साधारण एक बारने (बार हे दाब मोजायचं एकक) वाढतो. सगळ्यात वरच्या घराचा नळ टाकीच्या जेमतेम तीन-चार मीटर खाली असतो, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. शॉवर नुसता ठिबकतो. गच्चीवर प्रेशर पंप बसवलेला असेल तर प्रश्न मिटतो, पण मग वीज गेल्यावर तो पंप जनरेटरवर चालतो का, ते विचारायचं. उलट उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दाब इतका होतो की तो कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर नळांचे वायसर टिकत नाहीत. घर बघताना मी न्हाणीघरातला नळ सोडायचे, त्याच वेळी स्वयंपाकघरातला सोडायचे आणि पहिल्याची धार किती बारीक होते ते बघायचे. बादली भरेपर्यंत थांबायचे. एजंट लोकांची चुळबुळ व्हायची. होऊ द्यावी.

पश्चिमेकडे भिंत असलेलं घरही स्वस्त मिळतं. दुपारचं ऊन भिंतीत मुरतं आणि संध्याकाळनंतर घरात बाहेर पडतं. दिवसभर ऑफिसात असणाऱ्याला सकाळी हे कळणारच नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या भिंतीला तळहात लावून बघावा. मला दिवसा झोपायचं असतं, म्हणून पश्चिमेची सगळी घरं मी बाद केली.

आमचं घर स्वस्त मिळालं ते मागच्या बाजूला आहे म्हणून. खिडकीतून बाग दिसत नाही, शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप दिसतात. लोकांना हे आवडत नाही. मला त्या भिंतीचं काही वाटत नाही, कारण ती रस्त्याचा आवाज अडवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रात्रीचा वाहनांचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. मोबाइलच्या ॲपवर मोजलेला आकडा ढोबळ असतो, पण दोन घरांची तुलना करायला तो पुरतो, आणि दहा डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट वाटतो हे लक्षात ठेवावं. रस्त्याकडच्या घरात आणि आमच्या घरात मला तेवढा फरक मिळाला. दुसरा मजला निवडला तो आईसाठी. लिफ्ट बंद पडलीच तर कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत ती उतरू शकते.

आगीच्या सोयी लोक बघत नाहीत. मला त्या बघितल्याशिवाय राहवत नाही. लॅबमध्ये आम्हाला दर वर्षी प्रशिक्षण असतं, त्यामुळे नजर तिकडेच जाते. मजल्यावरचं लाल सिलिंडर बघा. त्यावर दाबाचा छोटा गोल काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात हवा. तपासणीची चिठ्ठी बघा. जिन्याचा दरवाजा ढकलून सोडून द्या, तो आपोआप बंद व्हायला हवा. एका महागड्या सोसायटीत, जिथे लॉबीत संगमरवर होता आणि सुगंधी फवारा मारलेला होता, तिथे काटा लाल पट्ट्यात होता आणि जिन्याचा दरवाजा सुतळीने उघडा बांधून ठेवला होता. आत जुनं फर्निचर रचलेलं. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. त्या चोवीस मजली इमारतीला एकच जिना होता. जिना अडवून ठेवणाऱ्या सोसायटीत मी आईला ठेवणार नाही, लॉबी कितीही चकचकीत असली तरी. आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. भिंती कळकट आहेत, पण दोन्ही जिने मोकळे असतात, आणि मागच्या जिन्यात कुणी सायकल ठेवली तर मॅनेजर ती उचलून ऑफिसात नेतो.

क्षेत्रफळाबद्दल फार लिहीत नाही. जाहिरातीतल्या आकड्यात भिंती, बाल्कनी, कधी जिन्याचाही वाटा धरलेला असतो. हाँगकाँगने २०१३ पासून आणि भारताने २०१६ च्या कायद्याने नवी घरं विकताना सामाईक जागा वगळून घराचं क्षेत्रफळ सांगणं बंधनकारक केलं, पण भाड्याच्या जाहिरातीत अजूनही जो तो आपल्याला बरा वाटतो तो आकडा टाकतो. फीत न्या, खोल्या मोजा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. आईचा पलंग आणि त्याच्या बाजूने काठीसह चालायला जागा, एवढं बसतंय का, हे मी मोजलं. आमच्या उपयोगाचं क्षेत्रफळ तेच.

भाड्याची बोलणी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातच झाली. त्यांनी आकडा सांगितला, तो आमच्या छतापेक्षा थोडा वर जात होता. मी म्हटलं, "बाई, आम्ही लवकर हलणार नाही. दोन वर्षांचा करार करायची माझी तयारी आहे, आणि मधे दलाल नाही, म्हणजे तुमचेही पैसे वाचतायत." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दर वर्षी नवीन माणसं, नवीन रंग, आणि मधले दोन महिने घर रिकामं. मला त्याचाच कंटाळा आलाय. तुझ्या आईला वरचेवर भेटायला आले तर चालेल ना?" भाडं कमी झालं. घर रिकामं राहिलं की मालकाचं एका महिन्याचं पूर्ण भाडं बुडतं आणि मेंटेनन्स खिशातून जातो. त्या नुकसानीच्या तुलनेत दरमहा थोडं कमी भाडं घेणं त्याला परवडतं. आपण ही गोष्ट नीट मांडायला हवी.

डिपॉझिटच्या बाबतीत आपल्या ठिकाणचा नियम वाचूनच बोलायला बसा, कारण तो जागोजागी वेगळा असतो. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं घेता येतं आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, मात्र तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. मर्यादा माहीत असली की मान खाली घालून कबूल व्हावं लागत नाही. डिपॉझिट परत मिळावं म्हणून राहायला येण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, नळाखालची ओल, खिडकीची तुटकी कडी, फरशीचा तडा, सगळं एका कागदावर लिहून बाईंची आणि माझी सही घेतली. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडेही त्याच कागदावर.

कमिट्यांबद्दल मात्र मला राग आहे, आणि तो लिहिणं गरजेचं वाटतं. एका सोसायटीत मालकाने होकार दिल्यावर कमिटीने मला बोलावलं. समोर पाच जण. लग्न का झालं नाही, रात्री इतक्या उशिरा कशी येतेस, सोडायला कोण येतं. मी रुग्णालयाचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. त्यांच्यातल्या कुणाच्या रक्ताचा नमुना रात्री दोन वाजता तपासायला आला तर तो मीच तपासणार आहे. त्यांनी 'विचार करून कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईच्या येण्याजाण्याचा जाब विचारणाऱ्या सोसायटीत बाई सुरक्षित नसते. आमच्या इथे मॅनेजरने दोघींची ओळखपत्रं बघितली, कराराची प्रत ठेवून घेतली, आणि माझ्या पाळ्यांबद्दल विचारलं ते एवढ्याचसाठी, की रात्रीच्या माणसाला माझं नाव सांगून ठेवता यावं.

आता राहून काय वाटतं ते. इंटरकॉमला मी पैकीच्या पैकी गुण देते. एका रात्री मी कामावर असताना आईला गरगरायला लागलं. मोबाइल दुसऱ्या खोलीत होता, ती भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि तिथला इंटरकॉम उचलून नुसता घराचा नंबर बोलली. फाटकावरच्या माणसाने शेजारच्या काकूंना उठवलं, ऑफिसातला माणूस जिन्यापर्यंत पाठवला, आणि मला फोन केला. काकूंकडे आमची चावी असते. मी पोहोचले तेव्हा आई खुर्चीत बसलेली होती आणि काकू तिचा रक्तदाब वहीत लिहून ठेवत होत्या. घर बघताना इंटरकॉम उचलून फाटकाला एकदा फोन लावाच. बऱ्याच सोसायट्यांत तो भिंतीवर नुसता टांगलेला असतो, कारण सगळं मोबाइल ॲपवर गेलंय. ॲप माझ्यासाठी ठीक आहे, पार्सल आलं की संमती देता येते. पण चष्मा शोधून, ॲप उघडून, हिरवं बटण दाबणं म्हाताऱ्या माणसाला घाबरलेल्या क्षणी जमत नाही. दोन्ही हवेत.

वीज गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि घरातला एक दिवा व एक पंखा चालतो. आम्हाला तेवढं पुरतं. इंटरनेट एकाच कंपनीचं घ्यावं लागतं, हे मला पटलेलं नाही. पाण्याचा पंप नेमका दुपारी चालतो आणि रात्रपाळीनंतरच्या झोपेत त्याची घरघर ऐकू येते. मी विनंती केल्यावर त्यांनी वेळ थोडी अलीकडे आणली. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे, बाईंनी एकदा काम करून घेतलं, पावसाळ्यात ती पुन्हा उमटली. पार्किंग अपुरं आहे, भाडेकरूंचा नंबर शेवटी लागतो. गाडी असेल तर हे आधी बोलून घ्या, नाहीतर रोजची भांडणं.

सोसायटीच्या सभेत भाडेकरूला बोलता येत नाही, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. मेंटेनन्स आम्ही भरतो, फाटकातून रोज आम्ही ये-जा करतो, पण म्हणणं मांडायचं ते मालकाच्या तोंडून. इमारतीच्या दाराशी उतार आहे, त्याला धरायला कठडा नाही. पाऊस पडला की फरशी निसरडी होते, आणि आईसारखी काठी घेऊन चालणारी किमान अर्धा डझन माणसं मला आमच्याच इमारतीत माहीत आहेत. मी दिलेला पहिला अर्ज 'मालकामार्फत द्यावा' असा शेरा मारून परत आला. आता नवा अर्ज केलाय. त्यावर बाईंची सही आहे, शेजारच्या काकूंची आहे, आणि पुढच्या सभेच्या विषयांत तो चौथ्या क्रमांकावर लागलाय.